नावाचं कडवं

पंचफुलाबाईला चोर ठरवायला ना पोलीस आले, ना पंच बसले. तिच्या पुतणीच्या खोलीत, तिच्या डोळ्यांदेखत, एका मशीनने तिला चोर ठरवून टाकलं. आणि तेही किती झटपट! गाणं इंटरनेटवर चढवून वृषालीने चहा ठेवला होता. चहाला उकळी फुटायच्या आत निकाल हजर. लॅपटॉपवर एक पट्टी आली आणि तिच्यावर चार ओळी इंग्रजीत उमटल्या.

"काय म्हनते ते?" पंचफुलाबाईने विचारलं.

वृषालीने एकदा वाचलं, मग परत वाचलं. ती मोठी तिखट पोरगी. मी-सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे दाखले काढून देते आणि सरकारी कंप्युटरलाही शिव्या घालते. पण आता तिने आवाज खाली आणला.

"मोठीमाय," ती शेवटी म्हणाली, "ते म्हनते, हे गानं तुहं नाई."

"मंग कोनाचं हाय?"

"जल्लोष बीट्सवाल्याचं."

पंचफुलाबाईने आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं. कापूस वेचायला गेल्यावर मालकाचं, मोजताना मुकादमाचं, रेशनच्या रांगेत दुकानदाराचं. पण तिचं गाणं तिचं नाही, असं तिच्या तोंडावर म्हणायची आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती. ती उठली आणि लॅपटॉपच्या समोर जाऊन उभी राहिली. जणू आत कोणी बसलंय आणि त्याला आता बाहेर ओढायचंय.

"त्याले इचार," ती म्हणाली, "गानं बांधलं तवा तू कुठी होता?"

आता ही पंचफुलाबाई कोण, ते सांगायला हवं. मावल्यात कोणालाही विचारा. आदिलाबाद शहर वाढत वाढत मावल्याला येऊन चिकटलंय, नवीन कॉलन्या झाल्यात, तरी बौद्धवाड्यातल्या विहाराशी उभं राहून "गानेवाली" म्हटलं की तेलुगू दुकानदारसुद्धा बोट दाखवतो. साठीला आलेली, अंगाने काटक, केस अजून निम्मे काळे. लहानपणापासून दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. नवरा चंपत ढोलकी वाजवायचा. त्याच्या ढोलकीवर गात गात तिचा संसार झाला आणि तो गेल्यावर खंजिरीवर गात गात पुढचा काळ गेला. बारसं असो, मंगल परिणय असो, कोणी गेल्यावरचा जलदानविधी असो, पंचफुलाबाईशिवाय काम होत नाही. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. गाणी सगळी डोक्यात बांधायची, वेचता वेचता, आणि डोक्यातच ठेवायची.

या गाण्यांचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे सगळे पाळायचे. गाणं कोणीही न्यावं. तुमच्या गावचं मंडळ आलं, त्यांना आवडलं, घेऊन जा. चाल थोडी इकडेतिकडे झाली, एखादा शब्द बदलला, कोणी रागवत नाही. फक्त शेवटच्या कडव्यात बांधणाऱ्याचं नाव असतं, ते मोडायचं नाही. आणि नाव असायचं शेवटीच. आधी बाबासाहेब, मग गाण्यातली बाई, मग गाव, आणि सगळ्यांच्या मागे, जाता जाता, आपलं नाव. किनवटकडच्या एका गवयाने एकदा दुसऱ्याचं गाणं म्हणताना ते कडवं गाळलं, तर पुढ्यात बसलेल्या बायांनी टाळ्या थांबवल्या. बिचाऱ्याला कडवं म्हणूनच खाली उतरावं लागलं. एवढ्याशा गोष्टीवर सगळा व्यवहार चालायचा, आणि दोन पिढ्या बिनबोभाट चालला.

तिच्या सगळ्या गाण्यांत एक गाणं खास. लेक मीनल शिकली, परीक्षा पास झाली आणि बेज्जूरकडे जंगलातल्या शाळेत तिची नेमणूक झाली, त्या वर्षी ते बांधलं. वेचणाऱ्या बाया कमरेला फडक्याची ओटी बांधतात आणि कापूस तिच्यात टाकतात. लहानगी मीनल सोबत वावरात यायची तेव्हा तिची पाटी कुठे ठेवायची? बांधावर ठेवली तर बकऱ्या तुडवत. म्हणून पंचफुलाबाई ती पाटी ओटीत, कापसाच्या खाली ठेवायची. दुपारी ओटी रिकामी करताना मुकादम म्हणायचा, वजन वाढवायला पाटी घालते काय गं? त्यातून गाणं आलं:

ओटीत होती पाटी माय, ओटीत होती पाटी,
वेचला कापूस मालकाचा, अक्षर लेकीसाठी.

आणि शेवटचं कडवं:

नाव पंचफुला, गाव मावला, शाळा नाई पाहिली,
भीमाच्या वाटेनं चालता चालता लेक मास्तरीन झाली.

हे कडवं आलं की बाया डोळ्यांना पदर लावत. गाणं ज्या गावी जाई तिथे कोणीतरी विचारी, ही पंचफुला कोण? आणि कोणीतरी सांगे. बाईला याच्यापलीकडे काही नको होतं. नाही म्हणायला, कॅसेटच्या काळात नागपूरला जाऊन गाणी भरून घ्यायची तिचीही फार हौस होती. पण तिथे ऑर्केस्ट्रा लागे, ओळख लागे, आणि पुढे बसायला गोरागोमटा गवई लागे. वेचणाऱ्या बाईला कोण उभं करतं? कॅसेट गेल्या, सीडी आल्या आणि त्याही गेल्या. मग आदिलाबादच्या बसस्टँडजवळ मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं झाली. त्या कार्डांत जगभरची गाणी असायची, मावल्याचं एकही नसायचं.

खरं सांगायचं तर वृषालीच्या खोलीने हे सगळं पालटायला हवं होतं. पोरीने जुन्या गाद्या भिंतींना ठोकल्या, एक चांगला माइक आणला, लॅपटॉप आणला, आणि मावल्यात स्टुडिओ उभा केला. गोंडी गाणी म्हणणारे आले, लंबाडा तांड्यावरच्या बाया आल्या, तेलुगू लग्नगीतवाले आले. कोणाची ओळख लागत नाही, नागपूर-हैदराबाद गाठावं लागत नाही. इथे गा, इथून जगात पाठवा. असं म्हणतात बुवा. ऐकायला किती गोड लागतं!

गोड बोलणाराच एक आला. दोन वर्षांपूर्वीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. पलीकडच्या जिल्ह्यातला, प्रज्वल नावाचा तिशीतला माणूस, पांढराशुभ्र कुडता, हातात फोन आणि फोनला बोंडाएवढा माइक. विहारात शिरला, वंदना केली, पंचफुलाबाईच्या पाया पडला.

"जय भीम आत्या. तुमचं पाटीचं गाणं लई ऐकलं. मला द्या. जगभर नेतो."

"ने बापा," पंचफुलाबाई म्हणाली. "फकत नाव मोडू नको."

"असं कसं मोडीन? तुमच्या घरचंच लेकरू आहे मी."

वृषाली तेव्हा बाजूलाच होती. तिने मोठीमायला कोपऱ्यात ओढलं. "आदी आपन टाकू. आपल्या नावानं एकदा चढलं की मंग दे कोनालेबी." त्यावर पंचफुलाबाईने तिलाच झापलं. आपल्याच माणसाला अडवायचं? उद्या लोक काय म्हणतील, पंचफुला गाण्याला कुलूप लावते? आणि कुलूप कशाला हवं, नाव तर गाण्याच्या पोटात आहे. तिने ढोलकी बोलावली, संपूर्ण गाणं म्हटलं, नावासकट. प्रज्वलने ते फोनमध्ये भरलं. मग बायांनी त्याला पंगतीत बसवलं आणि पंचफुलाबाईने स्वतःच्या हाताने खीर दोनदा वाढली. त्या खिरीची आठवण आली की आजही तिचा जीव जळतो.

मागच्या हिवाळ्यात आदिलाबादला स्टेशनच्या बाजूच्या हॉलमध्ये नात्यातलं लग्न होतं. मंगल परिणय आटोपला, जेवणं सुरू झाली आणि डीजे लागला. दोन गाणी गेली आणि तिसऱ्याला भिंती हादरवणारा ठोका सुरू झाला. त्यावर एका मुलीचा गुळगुळीत आवाज: ओटीत होती पाटी माय.

पंचफुलाबाई जागीच उभी राहिली. आधी तर हरखलीच. पोरं नाचतायत, नवरीची मैत्रीण हात वर करून गातेय, तेलुगू पाहुणेसुद्धा ठोक्यावर डोलतायत. बायांनी तिला मध्ये ओढलं, "आपलं गानं लागलं वं!" ती हसत होती आणि कान टवकारून शेवटच्या कडव्याची वाट पाहत होती. पोरीच्या आवाजात कसं लागतं आपलं नाव? ठोका चढला, पालुपद तीन-चारदा घुमलं आणि थेट पुढचं गाणं लागलं.

तिला वाटलं, मध्येच तुटलं. गर्दीतून वाट काढत ती डीजेवाल्याकडे गेली.

"बाबू, पुरा बजाव ना."

"पुराच है अम्मा," तो म्हणाला. "जितना आया उतनाच बजाया."

तिने परत लावायला लावलं. तो भला माणूस, त्याने लावलं. ती स्पीकरशी कान लावून उभी राहिली आणि गाणं पुन्हा त्याच ठिकाणी संपलं.

दुसऱ्या दिवशी वृषालीने फोनवर ते गाणं शोधून काढलं. जल्लोष बीट्स या चॅनलवर होतं. लाखो लोकांनी ऐकलेलं, पोरीपोरींनी त्यावर नाचलेलं. खाली संगीत आणि निर्मिती प्रज्वलची. गायिका कोणी शहरातली. आणि गीताच्या पुढे लिहिलं होतं: पारंपरिक.

"पारंपरिक म्हंजे?" पंचफुलाबाईने विचारलं.

"म्हंजे लय जुनं. कोनं केलं ते कोनाले मालूम नाई, असं."

"आन मी काय मेली काय?" तिचा आवाज चढला. "मी जित्ती हाय. माही लेक जित्ती हाय. ते पाटी अजून घरात हाय. मी पारंपरिक कवा झाली?"

या प्रश्नाला उत्तर आहे का कोणाकडे? जिवंत बाईला आजोबा-पणजोबांच्या रांगेत नेऊन बसवायचं, म्हणजे हक्क सांगायला कोणी उरतच नाही. गरीब माणसाने काही केलं की ते लोकांचं असतं. तेच शहरातल्याने उचललं की त्याचं होतं. ही चलाखी जुनीच आहे. आता तिला इंटरनेट मिळालंय, एवढंच.

तेव्हा ठरलं, आता आपण आपलं गाणं भरायचं. वृषालीने आठवडाभर सुट्टीच्या वेळा काढल्या. पंचफुलाबाई गाद्यांच्या त्या खोलीत पहिल्यांदा कानाला हेडफोन लावून बसली. स्वतःचा आवाज इतका जवळून तिने कधी ऐकला नव्हता. "मी अशी गाते?" असं म्हणून लाजली आणि मग मन लावून गायली. कुठे दम तुटला तर वृषाली म्हणे, पुन्हा म्हण. पाचही कडवी झाली, नावाचं कडवं सगळ्यांत चांगलं वठलं. वृषालीने खाली लिहिलं: गीत, चाल आणि आवाज, पंचफुला, मावला. आणि चढवलं.

मग ती पट्टी आली. त्या मशीनकडे म्हणे जगातल्या नोंदलेल्या गाण्यांची वळणं साठवलेली असतात. नवीन गाणं आलं की ते जुळवून बघतं. ज्याने आधी नोंदलं तो मालक, मागाहून आलेला चोर. बांधलं कोणी, पहिल्यांदा म्हटलं कोणी, कोणाच्या ओटीतून आलं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

वृषालीने हरकत घेतली. तिथे हरकत घेता येते, अगदी छान सोय आहे. पण ती हरकत जाते कोणाकडे? ज्याने गाणं नोंदलं, त्याच्याकडे! चोरी झाली म्हणून फिर्याद करा, फिर्याद चोराच्या घरी पोचवू, आणि निकालही तोच देईल. थोड्या दिवसांनी उत्तर आलं: हरकत फेटाळली. पुन्हा तीच चूक केलीत तर तुमच्यावर कारवाई होईल, असा दमही होता.

पंचफुलाबाईने प्रज्वलला फोन लावायला लावला.

"आत्या! कशा आहात?" आवाजात खीर होती.

"नाव काऊन कापलं रे?"

"ते... आत्या, गाणं लांब होत होतं. आजकाल लोक दोन मिनिटंबी ऐकत नाहीत. आणि त्या कडव्यात मावला वगैरे, ते बाहेरच्यांना कळत नाही ना."

"आन पारंपरिक काऊन लिवलं?"

"सगळ्या गावांत म्हणतात ना आत्या ते. मला वाटलं लोकगीतच आहे."

"मह्या तोंडून भरून नेलं ना तू? मह्यासमोर बसून? माहं नाव सांगू सांगू गायलं होतं मी."

"बघतो आत्या, कंपनीशी बोलतो. तुमच्यासाठी काही तरी मानधन..."

"मानधन ठेव तुह्या घरी," पंचफुलाबाई म्हणाली. "मले नाव पाह्यजे."

त्या दिवसानंतर प्रज्वलचा फोन कधी लागला नाही.

इथवर परका माणूस होता, निदान तसं म्हणता तरी येत होतं. पुढचा घाव घरातला. चौदा एप्रिलची तयारी सुरू झाली. जयंती समितीचे अध्यक्ष उद्धवराव, तहसीलमधून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. समितीचं आता स्वतःचं चॅनल आहे, मिरवणूक आणि कार्यक्रम लाइव्ह दाखवतात. दुबईला गेलेली पोरं बघतात, पुण्याला असलेल्या लेकी बघतात. चॅनल सांभाळतो नागेश. दोघंही पंचफुलाबाईच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ उन्हाबद्दल बोलले. मग उद्धवरावांनी घसा साफ केला.

"वयनी, यंदा पाटीचं गानं नका म्हनू."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

नागेश खाली बघत म्हणाला, "मिरवनुकीत डीजेची गानी वाजते ना काकू, त्याच्यानं चॅनलवर गानं चोरल्याचे दोन स्ट्राइक आले. तिसरा आला तर चॅनल बंद. आन तुमचं गानं आता... म्हंजे ते कंपनीच्या नावावर हाय."

"मह्या गल्लीत," पंचफुलाबाई म्हणाली, "मह्या विहारात, बाबासाहेबाच्या जयंतीले, मी बांधलेलं गानं मीच नाई म्हनाचं?"

"दुसरं म्हना ना वयनी. तुमच्याकडं काय कमी हाय?"

"तुमी सांगा उद्धवभाऊ, उद्या कोनी तुमच्या घराले आपल्या नावाचं कुलूप लावलं, तर तुमी शेजारी झोपान काय? शेजारच्याच्याकडं जागा काय कमी हाय?"

उद्धवराव उठले. चांगली माणसं अशीच असतात. चूक त्यांना कळते, फक्त गैरसोय नको असते. जाताना नागेश हळूच म्हणाला, "काकू, पोरं बाहेरून पाह्यते. त्यायले तेवढंच दिसते गावचं." हे मात्र पंचफुलाबाईला लागलं. कारण बेज्जूरहून मीनलही दरवर्षी तेच बघायची. जयंतीला तिच्या शाळेतच कार्यक्रम असतो, तिला येता येत नाही. दुसरं गाणं म्हणायचं ठरवलंही होतं तिने. तसं वृषालीला सांगितलंसुद्धा.

चौदा एप्रिलला सकाळी विहारासमोर मांडव भरला. पंचशील ध्वज चढला, त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली. पांढऱ्या साडीत पंचफुलाबाई माइकपाशी आली. समोर नागेशचा फोन तिपाईवर. तिने एका वाक्यात जय भीम केला आणि खंजिरीवर थाप दिली. तोंडून निघालं ते पाटीचंच गाणं. दुसरं निघेचना, असं ती नंतर म्हणाली. नागेशने डोक्याला हात लावला, उद्धवराव आभाळाकडे बघू लागले, आणि मांडवातल्या बाया टाळ्यांवर तुटून पडल्या. पाचही कडवी झाली. नावाच्या कडव्याला बायांनी एवढा सूर लावला की रस्त्यावरच्या ऑटोवाल्याने ऑटो थांबवला.

स्ट्राइक आला नाही. दुपारी नागेश धावतच विहारात आला, "वाचलो! चॅनल हाय!" उद्धवरावांनी सुटकेचा श्वास सोडला. मशीनने म्हणे मोठ्या मनाने शिक्षा सौम्य केली होती, फक्त जुळणारा भाग मुका केला.

मुका म्हणजे काय, ते मीनलच्या फोनने कळलं.

"माय," ती म्हणाली. "माय, तू गात होती आन आवाज नव्हता. पोरांना दाखवाले बसली होती मी शाळेत. सगळ्या मंडपाचा आवाज बंद. तुहं तोंड हलते, बायायचे हात हलते. पोरं म्हने, मॅडम, फोन खराब झाला. आन मंग एकदम आवाज आला."

"कवा?"

"शेवटी. तुहं नाव आलं तवा."

वृषालीने लॅपटॉप उघडला. पंचफुलाबाई समोर बसली. आणि तिने बघितलं. माइकपाशी उभी असलेली पांढऱ्या साडीतली म्हातारी मुकाट तोंड उघडतेय, मिटतेय. खंजिरी हलतेय, वाजत नाही. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, पाटी गेली, ओटी गेली, मुकादम गेला, काही ऐकू आलं नाही. मग अचानक, मध्येच दार उघडावं तसा, सगळ्या मांडवाचा सूर खोलीत शिरला: नाव पंचफुला, गाव मावला, शाळा नाई पाहिली.

प्रज्वलने जे कडवं कापून फेकलं होतं, ते मशीनला ओळखताच आलं नव्हतं. तेवढं सुटलं. वृषालीला आधी त्यात गंमतच वाटली. "पाह्य मोठीमाय! तुहं नाव कोनाले बंद करता नाई आलं!"

पंचफुलाबाई हसली नाही. ती संतापून उठून उभी राहिली.

"येडी झाली काय तू?" ती म्हणाली. "आदी गानं नेलं आन नाव फेकलं. आता नाव ठेवलं आन गानं नेलं. नुसतं नाव घेऊन मी काय करू? काय केलं या पंचफुलानं, ते कोनाले ऐकू आलं? शाळा नाई पाहिली, येवढंच ऐकू आलं ना लोकायले? मंग पाटी कोनं नेली वावरात? कोनं?"

वृषालीने वकिलाकडे जायची गोष्ट काढली. ती अजून चालू आहे, आणि तारखांच्या वाटेने चालतेय. तोवर पाटीचं गाणं पंचफुलाबाईला लग्नाच्या हॉलमध्ये, ऑटोत, पोरांच्या फोनवर भेटत राहतं आणि ओळख देत नाही.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आदिलाबादच्या मोठ्या विहारात तिला बोलावलं होतं. तिने नवीन गाणं बांधलं होतं, कोणाला न सांगता. खंजिरीवर थाप पडली आणि तिने सुरुवातच केली:

पंचफुलाचं गानं माय, पंचफुलाचं गानं.

बाया चपापल्या. पहिली ओळ, पालुपद, आणि त्यात स्वतःचं नाव! पहिल्या कडव्यात पुन्हा पंचफुला, दुसऱ्या कडव्याच्या मधोमध पंचफुला, तिसऱ्यात मावल्याची पंचफुला. कुठूनही कापा, कात्रीला नाव लागणारच. कोणी पालुपद उचलेना. मागून कुजबुज झाली, आणि पुढच्या रांगेतले उद्धवराव न राहवून हळू आवाजात म्हणाले, "वयनी, नाव शेवटी असते. आपली रीत हाय."

पंचफुलाबाईने खंजिरी थांबवली. तिचा चेहरा लाल झाला होता. माइक तसाच चालू होता, त्यामुळे ती जे बोलली ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"मले मालूम हाय रीत, भाऊ. असं गाताना मले लाज वाटून राह्यली. जीव खाली खाली जाऊन राह्यला. साऱ्या जल्मात मी माहं नाव पुढं केलं नाई. पन लाज त्यानं धरली नाई, मशीनीनं धरली नाई, आन तुमीबी मलेच गप बस म्हनलं. मंग मी एकटीनं कोनासाठी धरू?"

आणि तिने पुन्हा थाप दिली, पहिल्या ओळीपासून. या खेपेला बायांनी ते नाव उचललं.